नाव दोनदाच बदलता येतं

माझं नाव तीन वेळा पुकारलं आणि मी उठली नाय.

समोरच बसली होती, पहिल्या रांगेत. मांडीवर पोरगी, तिच्या हातात बिस्कीट, ते तोंडात घालून ओलं करायची आणि माझ्या ओढणीला पुसायची, मी तेच साफ करत होती. खिडकीतली मॅडम यादी बघून एकेकीचं नाव घेत होती. एकदा घेतलं, दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा जरा चिडून घेतलं. माझ्या मागे एक मुलगी तिच्या पप्पांना हळूच बोलली, ही पण आली नाय वाटतं, बरं झालं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे तर माझं नाव. तीन वर्षांत त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. माझी आईसुद्धा फोनवर नुसती बाळा बोलते, सासरी ऐकू गेलं तर उगाच नको म्हणून.

मी अशी धावली की पोरीची एक चप्पल तिथेच खुर्चीखाली राहिली.

ते नर्सिंगचं कॉलेज होतं, पनवेलच्या पुढे. मला तिथे सीट लागली होती. मला. बारावी सायन्स मी ऐरोलीला केली, नर्सिंगच करायचं होतं, पण तेव्हा फीचा आकडा ऐकून बाबा नुसते पंख्याकडे बघत बसले. ते तुर्भ्याला मार्केटात गोणी उचलतात. मी पण परत विषय काढला नाय. दोन वर्षं घरी, मग लग्न, कामोठ्याला दिली, मग पोरगी. ती दीड वर्षाची असताना लस द्यायला नेली तर तिथली सिस्टर सुई भरता भरता बोलली, बारावी सायन्स केलीस ना तू, मग नर्सिंगच्या परीक्षेला बस, उत्पन्न कमी असलं तर मुलींची फी आता सरकार भरतं. पोरगी रडत होती, मला नीट ऐकू आलं नाय, मी परत विचारलं. ती बोलली, अगं फुकट, फुकट.

घरी सांगितलं तर कोणी नको बोललं नाय. सासू बोलली, फुकट आहे तर भर फॉर्म. हे बोलले, भर भर, बघू. दोघांना पण वाटलं की माझ्याच्याने काय होणार. मला पण तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पोरगी झोपली की मोबाईलवर फिजिक्स बघायची, आवाज बंद करून, नुसतं फळ्यावरचं वाचायची.

आता नावाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं. माझ्या मोठ्या जावेचं आणि माझं नाव एकच. लग्न ठरताना सासूने सांगून टाकलं, घरात एका नावाच्या दोन बाया नकोत, हाक मारली की दोघी येतात नायतर दोघी पण येत नायत. सगळे हसले, मी पण हसली. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीने त्यात नवीन नाव लिहिलं. मला ते आवडलं पण होतं, छान मॉडर्न नाव होतं. मग आधार कार्डावर पण तेच करून घेतलं. नगरसेवकाचं पत्र आणलं, दोन फोटो दिले, झालं काम. कोणी जबरदस्ती केली नव्हती, मीच नाचत गेली होती. लग्नाचा दाखला मात्र काढला नाय कोणी. लग्न झालंय ते सगळ्या कामोठ्याला माहितेय, दाखला कशाला, असं होतं.

तर खिडकीतल्या मॅडमने माझी मार्कशीट बघितली, शाळा सोडल्याचा दाखला बघितला, बाबांनी काढून दिलेला उत्पन्नाचा दाखला बघितला. सगळं जुन्या नावाचं. मग आधार बघितलं.

"ही कोण?" ती बोलली.

मी बोलली, मीच. ती बोलली, नाव पण वेगळं, वडिलांच्या जागी दुसराच माणूस, आडनाव पण वेगळं, एक तरी गोष्ट सारखी पाहिजे ना. मी बोलली, फोटो सारखा आहे. मागची मुलगी हसली. मॅडम नाय हसली. ती बोलली, लग्नाचा दाखला आण नायतर नाव बदलल्याचं गॅझेट आण, उद्या पाचपर्यंत. मला गॅझेट म्हणजे काय ते पण माहीत नव्हतं. मी विचारलं, नाय आणलं तर? ती बोलली, सीट हवी असेल तर पूर्ण फी भरून ठेव, कागद आले की माफीचं बघू, नाय आले तर सीट पुढच्याला. म्हणजे फुकट आहे, पण मी मीच असली तर.

मी पोरीच्या बाटलीतलं पाणी प्यायली. बाहेर येऊन ह्यांना फोन लावला. हे द्रोणागिरीला कंटेनरच्या गोडाऊनमध्ये असतात, मागे ट्रकचा आवाज, ओरडून बोलावं लागतं. मी धापा टाकत सगळं सांगितलं, की उद्या सकाळी पालिकेच्या ऑफिसात जाऊ, दोघांना जावं लागतं, तेवढं करा. हे बोलले, अर्धा दिवस मागितला तर साहेब काय बोलेल माहितेय का तुला? आणि भटजीची सही लागते, भटजी गावाला. तीन साक्षीदार लागतात, ते काय मी खिशात घेऊन फिरतो? एका दिवसात नाय होत हे. सगळं खरंच होतं.

"पुढच्या वर्षी बघू ना," हे बोलले. "कॉलेज काय पळून जातंय?"

मी पायरीवर बसली. मॅडम डबा धुवायला बाहेर आली, तिने मला बघितलं, पोरीचा एक पाय उघडा बघितला, आत जाऊन चप्पल आणून दिली. आणि नळाकडे तोंड करूनच बोलली, जशी नळालाच सांगत होती, की आधार जुन्या नावावर करून घे बाळा, दहावीची मार्कशीट चालते त्याला, नुसती पावती आणलीस तरी मी धरीन.

घरी कोणाला सांगितलं नाय. दुसऱ्या दिवशी पोरीला ताप आहे असं सासूला खोटं सांगून निघाली, देवाची माफी मागत मागत, की खरंच येऊ नको देऊ. पोस्टात आधारचं काम चालतं, तिथे टोकन घेतलं. कॉम्प्युटरवरचा माणूस साधा होता, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने नंबर टाकला आणि थांबला.

"ताई, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं," तो बोलला. "तुमचं एकदा झालंय. आता केलं की संपलं, परत नाय."

मी बोलली, करा. मग बोलली, थांबा. पिशवीत पोरीचा जन्माचा दाखला होता, सगळे कागद एकत्रच ठेवते मी. तो काढून त्याला दाखवला. त्यात आई म्हणून माझं नवीन नाव. मी विचारलं, मग ह्याचं काय होणार? तो बोलला, ह्याचं काय नाय होणार, ह्याच्यात तर आहे तेच राहणार. फक्त पुढे शाळेत आईचं आधार मागतील, तेव्हा विचारतील ही आई कोण. मग तुमी लग्नाचा दाखला दाखवा. मी त्याला सांगितलं नाय की तोच तर नाय.

मागे एक काका बोलले, लवकर आटपा, घरी विचार करायचा होता.

मला वाटत होतं की कोणीतरी सांगावं. कर नायतर नको करू, काय पण सांगावं. कोणीच नव्हतं, पोरगी तेवढी होती आणि ती माझ्या कानातलं ओढत होती. मी बोट ठेवलं काचेवर. खालून हिरवा उजेड आला, तो पोरीला आवडला, तिने पण हात घातला.

"ताई, बाळाचा हात काढा," तो बोलला. "मशीन घेत नाय."

मी तिचा हात धरून ठेवला, घट्ट, आणि माझी दहा बोटं एकेक करून दिली. ती रडायला लागली. पावती घेऊन बस बघितली नाय, रिक्षाच केली, साडेचारला खिडकीपाशी पोहोचली. मॅडमने पावती बघितली, शिक्का मारला. फी माफ लिहिलं. मला आनंद झाला असेल, मला आठवत नाय. मला एवढंच आठवतं की मी उभ्या उभ्या हिशेब करत होती, घरी कोणकोणत्या कागदावर माझं नाव आहे.

घरी सांगितलं, चालले कागद. हे बोलले, बघ, उगाच घाबरत होतीस. सासूने पोरीला सांभाळायचं कबूल केलं, सकाळचा सगळा स्वयंपाक करून जायचं ह्या बोलीवर. आमच्या वर्गातल्या पोरी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहेत, हजेरीला पटकन हात वर करतात, मी अजून एक सेकंद उशीर करते. नवीन आधार पोस्टाने आलं तेव्हा मीच दार उघडलं, नशीब. पिठाच्या डब्याखाली ठेवलं. बेल वाजली की वाटायचं, पोस्टातूनच कोणी विचारायला आलं.

चार महिने असेच गेले. मग हे पोरीचं नाव बालवाडीत घालायला गेले, सोसायटीच्या समोरच आहे ती. तिथल्या बाईने ऑनलाईन भरायला आईचा आधार नंबर टाकला आणि बोलली, ही मुलीची आई नाय, ही कोणीतरी दुसरी आहे. हे तसेच घरी आले, चप्पल घालूनच किचनमध्ये. मी कणीक मळत होती. मी डब्याखालचं कार्ड काढून दिलं. ह्यांनी वाचलं, उलटं करून वाचलं.

"म्हणजे कागदावर तू माझी कोण नाय?"

मी बोलली, कागदावर आधी पण नव्हती, दाखला कुठे आहे.

मला वाटलं ओरडतील, मारतील, कॉलेज बंद करतील. सासू तर सुरूच झाली, घरात घेतलेलं नाव टाकून आली, आमच्या नावाला एवढी लाज वाटते का, जावेला फोन करून पण सांगितलं. ह्यांनी बाहेर गॅलरीत जाऊन फोन लावला. पहिला साहेबांना, की उद्या सुट्टी पाहिजे, पूर्ण दिवस, मुलीच्या शाळेचं काम आहे. साहेब लगेच हो बोलला असणार, कारण फोन अर्ध्या मिनिटात संपला. मग मामाला लावला, जावेच्या नवऱ्याला लावला, मित्राला लावला, तीन साक्षीदार झाले. मी आतून ऐकत होती, हाताला कणीक तशीच सुकली.

आठ दिवसांत दाखला आला. त्यात लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव दोन्ही आहे, एकाच ओळीत. बालवाडीत तो लगेच चालला. ह्यांनी तो मला दाखवला, बोलले, झालं ना काम, सांगितलं असतंस तर तेव्हाच केलं असतं. मी त्या दिवशी कॉलेजातून फोन केला होता, ते ह्यांना खरंच आठवत नव्हतं.

मी त्याची झेरॉक्स काढली आणि कॉलेजात खिडकीवर नेऊन दिली. मॅडम बोलली, आता कशाला, तुझं तर झालं. मी बोलली, असू दे फाईलला. तिने वाचला, खालची भटजीची सही बघितली आणि विचारलं, हे भटजी कामोठ्याचेच का?

नाय, मी बोलली. गावचे आहेत. ह्यांनी फोन केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले.