मधुभाऊंचे तीन आटे

मधु शिगवण निवडणुकीला उभे राहणार हे कळले तेव्हा आमच्या गल्लीला आनंदच झाला. कोपरीतल्या या गल्लीतून आजवर कोणी नगरसेवक झाले नव्हते. मधुभाऊ पस्तीस वर्षे या भागाचे चावीवाले होते. म्हणजे सकाळी खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून निघायचे, रस्त्यातली झाकणे उचलायची आणि प्रत्येक गल्लीचा व्हॉल्व्ह ठरलेले आटे फिरवून पाणी सोडायचे. पाणी सोडणाऱ्याला आमच्याकडे जो मान असतो, तो कलेक्टरला मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण मान तसाच राहिला.

पत्रक लिहायचे काम माझ्याकडे आले. मी शाळेत मराठी शिकवत असे. गल्लीतले अर्ज, निमंत्रणे आणि श्रद्धांजल्या माझ्याच हातच्या. निवडणुकीच्या पत्रकात काय असते ते मला पाठ आहे. प्रभागाचा कायापालट, ज्येष्ठांना विरंगुळा केंद्र, महिलांना सक्षमीकरण. वाचून कोणाचे पोट दुखता कामा नये, एवढीच अट.

मधुभाऊ वहीच्या कागदावर मुद्दे लिहून घेऊन आले. पहिलाच मुद्दा फुटपाथवरच्या कुंड्या हटवण्याचा होता. नाव लिहिलेले नव्हते, पण गल्लीत फुटपाथवर जास्वंद फक्त माझी आहे. दुसरा, नवरात्राचा मंडप घालताना ॲम्ब्युलन्स जाईल एवढा रस्ता मोकळा ठेवायचा. तिसरा, गाडीची जागा अडवायला ठेवलेले ड्रम आणि दगड उचलायचे.

"मधुभाऊ, हे पत्रक आहे की तक्रारवही?" मी विचारले. "मतं मागायची आहेत ना?"

"मागायचीच आहेत, सर. पण निवडून आल्यावर हेच करणार, तर आधी नको सांगायला?"

चौथा मुद्दा वाचून मी चष्मा काढला. त्यात लिहिले होते, 'आमच्या गल्लीला नऊ आटे ठरलेले आहेत. मी बारा सोडत आलो. त्यामुळे खाडीकडच्या शेवटच्या गल्लीला पाणी पुरत नाही. चूक माझी आहे. आमचे पाणी कमी करून त्यांचे त्यांना देईन.'

पंचाण्णव साली मधुभाऊंची मुलगी संचिता झाली. घरात बाळंतीण होती, धुणे वाढले होते, म्हणून त्यांनी आपल्या गल्लीला तीन आटे जास्त दिले. चार दिवसांपुरतेच. बाळंतीण उठली, पोरगी चालायला लागली, आटे तसेच राहिले. आमच्याकडे पाणी सहा ते साडेसात धो धो येऊ लागले. कोणी कारण विचारले नाही. दिवाळीत मधुभाऊंच्या बायकोकडे, सुमतीवहिनींकडे, दहा घरांतून फराळाची ताटे जात, आणि आम्ही त्याला शेजारधर्म म्हणत असू. निवृत्त होताना त्यांनी नव्या चावीवाल्याला, मारुतीला, बाराच सांगितले. तिथे त्यांचे त्यांनाच खटकले. महिन्याभराने त्याला नऊ कर म्हणून सांगायला गेले, तर मारुती म्हणाला, "मी नाय हात लावणार. तुमच्या गल्लीतले मला राहू देतील का?"

"म्हणून उभा राहतोय," मधुभाऊ म्हणाले. "लोकांनी हे वाचून मत दिलं, तर कमी करायला त्यांचीच परवानगी झाली."

मला त्यांचा राग आला. इतका भाबडेपणा बासष्टाव्या वर्षी शोभत नाही. मी चौथा मुद्दा सुबक करून दिला, 'समन्यायी पाणीवाटप' असा. त्यांनी तो खोडला आणि स्वतःचे शब्द परत लिहिले. तसेच छापून आले.

गल्लीचा आनंद पत्रक वाटेपर्यंतच टिकला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मितेश, जो मधुभाऊंच्या प्रचारासाठी रिक्षा आणि भोंगा ठरवून बसला होता, त्याने दोन्ही रद्द केले. "भाऊ, घरची गोष्ट घरात ठेवायची ना यार," तो म्हणाला. "आम्ही काय तुम्हाला सांगायला आलेलो?" मधुभाऊ म्हणाले, "नाय आलात. पण पाणी भरलंत." त्यानंतर ते एकटेच दारोदार फिरले. लोक पाणी विचारत, चहा देत आणि दुसरा विषय काढत.

निकालात त्यांना एकशे चौदा मते पडली. आमच्या केंद्रावर अकरा. खाडीकडच्या केंद्रावर सात, कारण तिथे लोकांना कळले ते एवढेच की आपले पाणी याच माणसाने पळवले. पण ते पत्रक त्या गल्लीने जपून ठेवले. निवडून आलेल्या बाईंच्या कार्यालयात ते घेऊन पंचवीस बायका गेल्या. पुढच्या आठवड्यात मारुतीच्या हातात लेखी हुकूम पडला आणि आमचे आटे नऊ झाले. पाणी आता पावणेसातला जाते. यंदाच्या हळदीकुंकवाला सुमतीवहिनींना कोणी बोलावले नाही. त्या मला म्हणाल्या, "मला वाईट वाटतं, पण यांना मी अडवलं नाही, ते बरंच झालं."

एके सकाळी मी मधुभाऊंकडे पेपर वाचत बसलो होतो. खाडीकडच्या गोदूबाई आल्या. सत्तरीच्या असतील. पाणी दिले तर घेतले नाही, दारातच उभ्या राहिल्या.

"मत नाय दिलं तुला," त्या मधुभाऊंना म्हणाल्या. "पाणी येतंय, ते सांगायला आले."

"बरं झालं."

"माझ्या पोरीची, भावनाची, शाळा सुटली पाण्यापायी. शाळा सातची, आणि आमच्या नळाला त्याच टायमाला करंगळीएवढी धार. मी भांडी घासायला जायची, मग पाणी कोण भरणार? सातवीत बसवली घरी."

"कुठल्या साली?" मधुभाऊंनी विचारले.

"शहाण्णव."

मधुभाऊंनी मान खाली घातली नाही. "तेव्हा बाराच सोडत होतो," ते म्हणाले. "माझ्यामुळे सुटली."

"हे कोणीतरी बोलायला पायजे होतं," गोदूबाई म्हणाल्या आणि गेल्या.

मी पेपर मिटून ठेवला. ती सातवी अ माझीच होती. जून गेल्यावर भावनाचे नाव मी हजेरीपटातून कमी केले, शेऱ्याच्या रकान्यात 'घरगुती कारण' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. त्याच बाकावर माझी मुलगी क्षिप्रा बसे. तिला शाळेत जायला कधी उशीर झाला नाही. बादलीभर गरम पाण्याने अंघोळ करून, वेण्या घालून ती साडेसहाला तयार असे.

मधुभाऊंनी मला विचारले, "सर, तुम्ही तरी दिलेलं ना मत?"

मी हो म्हणालो. ते खोटे होते.