नॉर्वेची वेळ मी सांगितली होती

शुभांगी मला कधीच आवडली नाही.

आज शाळेतल्या शोकसभेत तिच्या फोटोला हार घालतानासुद्धा नाही. काय तो फोटो! अशी हसतेय, जसं काही आम्हीच गेलोय आणि ती राहिलीय.

एक्केचाळीस वय. आठ दिवस ताप, मग आयसीयू, मग संपलंच.

सकाळपासून सगळ्यांच्या पोस्ट वाचतेय. "जग वर्गात आणणाऱ्या मॅडम."

मी त्याच शाळेत भूगोल शिकवते. तेवीस वर्षं. ती चित्रकलेची.
आता तुम्हीच सांगा, जग वर्गात कोणी आणायला हवं होतं?

माझ्याकडे नकाशे होते. पृथ्वीगोल होता, तोही कपाटात, कुलपात, कारण पोरं फिरवून फिरवून मोडतात.
तिच्याकडे स्वतःचा जुना लॅपटॉप, मोबाईलचा हॉटस्पॉट आणि कुठल्याशा ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये ओळख झालेली नॉर्वेची एक शिक्षिका. बास.

महिन्यातून एकदा, सातवीचा शेवटचा तास, बारा ते साडेबारा, नॉर्वेच्या वर्गाशी व्हिडिओ कॉल. त्यांच्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ.

पहिल्या कॉलला मी मागे उभी होते, नाक मुरडून.
त्यांचंही गाव समुद्रकाठचं. तिकडच्या एका मुलीने विचारलं, तुमच्याकडे भरती कधी येते?
आमची पूर्वा उठली. करावे गावच्या कोळीवाड्यातली. तिथीवर सांगायला लागली. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, तेव्हा पाणी कमी चढतं. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, अजिबात न घाबरता.

अहो, भरती-ओहोटी माझा धडा आहे!
त्याच प्रश्नाला माझ्या पेपरात हिला पाचपैकी दोन मिळाले होते.

घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, "काय झालं?"
म्हटलं, "काही नाही. नॉर्वे."

दर कॉलच्या आधी शुभांगी स्टाफरूममध्ये माझ्याकडे यायची.
"ताई, तिकडची वेळ बघा ना एकदा. तुम्ही सांगितलं की मला टेन्शन नाही."
मला वाटायचं, टोमणा मारतेय.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला कॉल होता.
युरोपात ऑक्टोबर संपता संपता घड्याळं एक तास मागे घेतात. म्हणजे त्यांचे साडेआठ आपल्याकडे बाराला नाही, एकला वाजणार. मला हे माहीत होतं. दरवर्षी नववीला शिकवते मी.

"ताई, वेळ तीच ना?"
"तीच."

पापणीसुद्धा लवली नाही माझी.

त्या दिवशी पूर्वाची आई आली होती. सीवूड्सच्या बाजारात मासळी विकते, धंदा सोडून आली होती. नवी साडी, आणि टोपलीत जिवंत चिंबोऱ्या, चांगले मोठे खेकडे. नॉर्वेच्या पोरांना दाखवायला.
बारा वाजले. सव्वाबारा. स्क्रीनवर कोणी नाही. एक चिंबोरी सुटून बाकाखाली गेली, तरी वर्गात कोणी हसलं नाही.
साडेबाराला दुपारची शाळा भरते. वर्ग रिकामा करावा लागला.

"नाय आली का ती पोरां?" पूर्वाची आई म्हणाली. "जाऊंद्या मॅडम, त्यांना पन कामं आसतील."

"नाही वहिनी, त्यांची नाही, माझीच चूक झाली," शुभांगी म्हणाली. मोठ्या बाईंसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकांसमोरही तेच म्हणाली. मोठ्या बाईंनी तिला सगळ्यांदेखत झापलं आणि तीन महिने कॉल बंद केले.

आणि मी? स्टाफरूममध्ये डबा उघडला, भेंडीची भाजी खाल्ली. चवीने खाल्ली.

तीन महिन्यांनी ती परत माझ्यासमोर उभी. "ताई, वेळ?"
तेव्हा मी खरी वेळ सांगितली. मनात म्हटलं, हिला काही कळलेलंच नाही. भोळी आहे बिचारी.

आज शोकसभेला ती नॉर्वेची शिक्षिका स्क्रीनवर आली. रडत होती. म्हणाली, शुभांगी किती प्रामाणिक होती ते ऐका. आणि तो कॉल फसला त्या दिवशी शुभांगीने तिला पाठवलेला मेल वाचायला लागली.
पूर्वा माईकवर मराठीत सांगत होती.

"आमच्या भूगोलाच्या मॅडमनी मला घड्याळाचं आधीच सांगितलं होतं. मीच विसरले. त्या नसत्या तर आमचा एकही कॉल झाला नसता."

सगळा हॉल माझ्याकडे वळला.
आणि टाळ्या वाजल्या. शोकसभेत. माझ्यासाठी! पूर्वाची आई तर उभी राहून वाजवत होती.

म्हणजे तिला कळलं होतं. त्याच दिवशी.
मी "तीच" म्हणाले होते हे आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि तिने माझी अब्रू पार नॉर्वेपर्यंत झाकली.

मी काय केलं? हात जोडले. टाळ्या घेतल्या.

अगं, भांडायचंस ना माझ्याशी! सगळ्यांसमोर चार शब्द सुनवायचेस. मी तुझ्यावर जळत राहिले असते, बरं चाललं होतं माझं.
आता तू गेल्यावरही माझ्या पुढेच. याचासुद्धा हेवा वाटतोय मला, काय करू?

पूर्वाच्या आई, ही पोस्ट पूर्वा तुम्हाला वाचून दाखवेल. त्या दिवशी तुमचा धंदा बुडाला, लेक रडत घरी आली, ते शुभांगीमुळे नाही.
नॉर्वेची वेळ मी सांगितली होती. चुकीची. मुद्दाम.

मोठ्या बाईंना आत्ताच फोन करून सांगितलं. उद्या प्रार्थनेनंतर मुलांसमोर सांगणार आहे. त्यांना मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

शुभांगी, माझी चूक तुझ्या नावावर ठेवून तुला निरोप देता येत नव्हता गं.
आता जा.