वाल सोलताना थांबणारे हात

मित्रांनो, मी इथे फारसं लिहीत नाही. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या सात मुलांना माझी बायको दर शनिवारी आमच्या खर्डीच्या घरी लिहायला शिकवायची. मुलं तिला मावशी म्हणायची. दोन महिन्यांपूर्वी ती गेली. वर्ग आता बंद, हे सांगायलाच आज मी मुलांना बोलावलं होतं.

मुलं मात्र लिहून घेऊनच आली. नऊ वर्षांच्या ओवीने वही पुढे केली. मी लाल पेन उघडलं.

"काका, आधी ऐकायचं असतं! तुमाला एवढं पण नाय माहीत?" बाकीची खुदखुदली.

ओवी वाचू लागली. "मावशी वाल सोलत ऐकायची. वाक्य चांगलं असलं की तिचे हात थांबायचे. ते थांबावेत म्हणून मी वाक्य पुन्हा पुन्हा लिहायची."

सव्वीस वर्षं मी त्या वालांचं बिरडं खाल्लं. तिचे हात थांबतात, हे मला कधी दिसलंच नाही. या एवढ्याशा पोरीने ते पाहिलं आणि तीन वाक्यांत माझ्यासमोर ठेवलं. मी लाल पेनाला टोपण लावलं.

"पुढच्या शनवारी काय लिहू?" तिने विचारलं.

"तिच्याबद्दलच अजून लिही," मी म्हणालो. वर्ग बंद करण्याचं बोललोच नाही.

आपल्याच माणसाचं असं काही तुम्हाला कधी दुसऱ्याकडून कळलंय का?