चुकीच्या घराण्यातला शब्द

"मूळ गाव कोणतं?" आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर हा प्रश्न माणसांना कमी आणि शब्दांना जास्त विचारायचे. धुळ्यातल्या मुलींच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी गणित. सोयरीक जुळवताना आपण नुसत्या आडनावावर थांबत नाही, कूळ आणि भाऊबंद खोदून काढतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सरांचं इंग्रजी तसंच होतं. दोन शब्द सारखे ऐकू आले की म्हणायचे, "आडनाव सारखं म्हणून भाऊबंद समजू नका, मुलींनो." मग त्यांचा तास लांबायचा आणि माझी भूमिती कापली जायची. मी कुरकुरायचे.

आणि याच माणसाने वीस वर्षं मुलींना सांगितलं होतं की 'फीमेल' हा शब्द 'मेल'पासून निघाला.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी एक जाडजूड शब्दकोश घेतला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा न उघडता बसून राहिले. "दोघांची घराणी वेगळी आहेत हो, मॅडम. थेट लॅटिनपासून वेगळी. शेजारी राहून पुढे आवाज सारखे झाले, इतकंच. बाईचा शब्द बाईचा स्वतःचाच होता."

मी म्हटलं, माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर मेसेज टाका.

"चूक समोर उभं राहून केली. मेसेजवर कशी निस्तरू?"

तेव्हापासून दर रविवारी एसटी. शिरपूर, साक्री, एकदा तर भुसावळ. जुन्या विद्यार्थिनी चहा ठेवत आणि एवढ्यासाठी आलात म्हणून हसत. "हाई सांगाकरता इतला लांब उनात, सर?" सरही हसत. एका विद्यार्थिनीकडे जायचं मात्र टाळत. बाईच्या शब्दाला पुरुषाचा आधार कशाला, असं वर्गात तिने एकटीने उभं राहून विचारलं होतं. सरांनी तिला खाली बसवलं होतं आणि वर्ग हसला होता.

शेवटी मला सोबत घेऊन गेले. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. सरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, माफी मागितली.

"याद शे ना, सर," ती म्हणाली. "त्याना नंतर मी वर्गमा काहीच इचारं नही."

रागाने नव्हे, सहज म्हणाली. परतीच्या गाडीत मला सरांची दया आली आणि तिच्यासाठी त्याहून जास्त वाईट वाटलं.

पण पुढच्याच आठवड्यात तिचा सरांना फोन आला. मुलीच्या पुस्तकातला शब्द अडला होता. मग दर दोन-चार दिवसांनी येऊ लागला. सर मुद्दाम माझ्या घरी येऊन सांगायचे, "आज तिने दोन विचारले." इतकं खूश मी त्यांना निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं.

या पौषात सर गेले. तेराव्यानंतर तिचा मला फोन आला. "मॅडम, सरस्ना फोन लागस नही. एक इचारनं व्हतं."

मी सांगितलं. ती फोन ठेवू लागली. आता ही पुन्हा विचारायची थांबेल, अशी मला भीतीच वाटली. "मला विचार ना," मी घाईने म्हटलं.

तिने विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं आणि उद्या पुन्हा फोन कर म्हणाले.