कोरडं घासणं

दारं-खिडक्यांच्या चौकटी उचगावच्या भरमू पेंटरलाच द्याव्यात, असं बेळगावातली जुनी माणसं म्हणत. भिंत कुणीही रंगवतो. जुन्या ऑइलपेंटची लखलखीत चौकट नव्या रंगासाठी तयार करणं, हे मात्र चिकाटीचं काम. "चकाकी मेल्याबिगर रंग धरत न्हाय," असं भरमू म्हणायचा. आधी धुण्याच्या सोड्यानं तेलकटपणा काढायचा, सुटलेले पोपडे पट्टीनं खरवडायचे आणि मग लाकडाचं तेज पार मावळेपर्यंत पॉलिश पेपरनं घासत राहायचं. शेवटी डोळे मिटून बोटं फिरवायची, फुंकर मारायची. हे सगळं तो पंधराव्या वर्षी खडेबाजारातल्या मारुतीराव पेंटरांकडं शिकला.

मारुतीराव शेवटी शेवटी पोटातल्या कळांनी गडाबडा लोळायचे. त्यांची दोन्ही मनगटं गळून गेली, ताटातला घास उचलेना. लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे. भरमूनं त्यांना आपल्या हातानं भरवलं होतं. पण त्या दुखण्याचा आपल्या धंद्याशी काही संबंध असेल, असं त्याच्या मनाला कधी शिवलं नाही.

आता भरमूला अठ्ठावन्नावं लागलं होतं. वर्षभरापासून त्याच्याही उजव्या मनगटातला जोर ओसरत चालला होता. चहाचा कप कलंडायचा. बायको अक्काताई डॉक्टरकडं चला म्हणायची, तर तो म्हणायचा, "वयाचं हाय गं."

त्या साली मार्चअखेर गावची जत्रा होती. मुलगा विक्रम म्हणाला, "आप्पा, जगाची घरं चकचकीत केलासा. पाहुणे यायच्या आत आपल्या चौकटी बघा की."

खरंच होतं ते. कामावरून उरलेले डबे आणून भरमूनं तीस वर्षांत घरच्या चौकटींवर थरावर थर चढवले होते. तळाशी पिवळा, मग हिरवा, वर तपकिरी. त्यानं पुढच्या सोप्यापासून घासायला घेतलं. शेजारणीच्या वाळवणावर धूळ जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

अडीच वर्षांची नात ऋतिका त्याच्या पायाशीच खेळायची. फरशीवर पिवळट धुळीचा थर साचे आणि ती त्यात बोटानं रेघा ओढत बसे. एकदा ते बोट तोंडात घालून ती म्हणाली, "गोड."

भरमू हसला. "गोड कुठलं गं, रंग हाय त्यो." त्यानं तिचं बोट आपल्या लुंगीला पुसलं आणि पुन्हा घासायला लागला.

पंधरा दिवसांत पोरीचं जेवण तुटलं. पोट धरून रडायची, चार-चार दिवस शी व्हायची नाही. 'आज्जा', 'चिऊ', 'दूद' असं बडबडणारी पोर नुसती बोट दाखवायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. अक्काताईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. भरमू तोवर सोपा आटपून आतल्या खोलीला लागला होता. ऋतिका तिथंच झोपायची.

जत्रेला आठ दिवस राहिले असताना एका दुपारी ऋतिकाचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. विक्रमनं तिला मोटारसायकलवरून बेळगावला नेलं. सून दिपाली मागं तिला कवटाळून बसली होती. भरमू बसनं मागोमाग पोचला.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई कन्नड वळणाचं मराठी बोलायच्या. त्यांनी पोरीच्या खाण्यापिण्याचं विचारलं, मग घरात कोण काय काम करतं ते विचारलं. भरमूच्या नखांत पिवळी धूळ होती. ती बघून त्यांनी पोरीचं रक्त तपासायला पाठवलं.

"रक्तात शिसं आहे, खूप," अहवाल आल्यावर त्या म्हणाल्या. "जुन्या ऑइलपेंटमध्ये असायचं. पिवळ्या-हिरव्यात जास्त. कोरडं घासलं की धूळ होते, हाताला लागते, पोटात जाते. अज्जा, हात पुढं करा. दोन्ही."

भरमूनं हात पुढं केले. डावा सरळ राहिला. उजवा मनगटातून खाली लोंबला. त्या लोंबत्या हाताकडं बघताना त्याला मारुतीरावांचे हात दिसले.

दिपाली कोपऱ्यात उभी होती. "तिचं बोट तुम्ही लुंगीला पुसलासा," ती म्हणाली. "मी दारातनं बघत होते. मलाबी कळलं न्हाय, आप्पा."

तिनं शिव्या घातल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं.

ऋतिकाला दवाखान्यात ठेवून औषधं सुरू झाली. घर साफ झाल्याशिवाय तिला तिकडं न्यायचं नाही, असं बाईंनी बजावलं. पुढं दिपाली तिला घेऊन सदलग्याला माहेरी गेली. जत्रा आली आणि गेली, भरमूच्या घरी कुणी पाहुणा आला नाही.

चौकटी अर्धवट खरवडलेल्या उघड्या पडल्या होत्या, तशा सोडणं आणखी वाईट. भरमू आणि विक्रम तोंडाला मास्क बांधून कामाला लागले. लाकूड भिजवून ओलंच घासायचं, पोपडा न पोपडा प्लास्टिकवर झेलून पिशवीत बांधायचा, फरशी पुन्हा पुन्हा ओल्या फडक्यानं पुसायची. भरमू डाव्या हातानं घासत होता. फुंकर मारायला ओठ आपोआप पुढं यायचे आणि तो दचकून थांबायचा.

ऋतिका चार महिन्यांनी परत आली. रक्तातलं शिसं उतरत होतं. काही शब्द परतले, काही नाही. "शाळेत गेल्यावर कळेल," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भरमूचा हात होता तसाच राहिला.

धंदा त्यानं सोडला, पण घरी बसवेना. चाळीस वर्षांत किती घरांत त्यानं हे पिवळं-हिरवं चढवलं होतं, किती घरांत कोरडं घासलं होतं, त्याला गणती नव्हती. आठवेल तसा तो एकेका घरी जाऊन लोकांना सावध करू लागला. कुणी चहा पाजून वाटेला लावलं, कुणी हसलं.

उचगावातच म्हाताऱ्या अंबुबाईच्या घरी तिचा पणतू खिडकी धरून उभा होता. खिडकीच्या कडेवर चार दातांचे व्रण होते आणि त्यातून आतला पिवळा दिसत होता. भरमूनं म्हातारीला सगळं सांगितलं.

"ही खिडकी कुणी रंगवली, ठावं हाय न्हवं?" ती म्हणाली.

"व्हय," भरमू म्हणाला. "मीच."

अंबुबाईनं पणतूला उचलून कडेवर घेतलं, पदराच्या टोकानं त्याचं तोंड आतून-बाहेरून पुसलं आणि आत सुनेला हाक मारली.