मोटार येईपर्यंत

मला सातवा लागला तेव्हा सासऱ्यांनी हैदराबादच्या एका दुकानदाराकडे विलायती कारखान्याची नवी मोटार सांगितली. सून पहिल्या बाळंतपणाला मोटारीतून माहेरी जाईल, असं त्यांनी कळंबच्या बाजारात चारचौघांत बोलूनही टाकलं. मग मोटारीसाठी पत्र्याची शेड उठली आणि गाडीचे बैल विकले गेले. ड्रायव्हरशेजारी कोण बसणार यावरून दोन दीर आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. बाजारात तुरी, त्यातला प्रकार.

तिकडे विलायतेतली लढाई वाढत गेली आणि कारखाना फौजेच्या लॉऱ्या करू लागला. 'पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला,' एवढंच दुकानदार कळवायचा. मला मोटारीचं काही नव्हतं. मला आईजवळ जायचं होतं, आणि ती होती बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर, वाशीला. आठवा सरत आला तशी सासूबाईंनी शेजाऱ्यांची बैलगाडी मागायची गोष्ट काढली.

"मोटार सांगितलेल्या माणसानं बैलगाडी मागायची व्हय?" सासरे म्हणाले. विषय तिथंच मिटला. मोटार आली ती पुढं काही वर्षांनी, लढाई संपल्यावर. माझा मात्र नववा भरला. मला त्यांचा मनस्वी राग यायचा, पण सुनेच्या रागाला विचारतो कोण?

शेवटी आईच आली, आडतीला निघालेल्या गाडीत ज्वारीच्या पोत्यांवर बसून. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून ती उतरली शेजारी. तिथंच जेवायची, तिथलंच पाणी तांब्यात भरून आणायची.

चैत्रातल्या एका सकाळी मला कळा सुरू झाल्या. आईचा तांब्या दुपारीच संपला. शेजारी जाऊन पिऊन या, असं सुईण दोनदा म्हणाली. आईनं माझा हात सोडला नाही. सासूबाईंनी पाणी पुढं केलं, तर तिनं मान हलवली. तिचे ओठ सुकलेले मला दिसत होते आणि मी तिला 'जा' म्हणत नव्हते.

दिवेलागणीला मुलगी झाली. सासरे स्वतः भरलेला तांब्या घेऊन दाराशी आले. आत न बघता म्हणाले, "घ्या विहीणबाई. आता आजी झालात तुमी."

आई उभ्या उभ्याच प्याली. दुसरा तांब्या मागितला, तोही संपवला, आणि मग नातीकडं पाहिलं.