पत्त्याएवढा बाप

माझ्या सासऱ्यांच्या वडिलांचा घरात एकच फोटो होता, तोही पत्त्यातल्या पानाएवढा. डोक्यावर लोखंडी टोप, टोकदार दाढी, गळ्याभोवती पांढरी चुणीदार कॉलर. नवीन लग्न झालं होतं तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "हे आजोबा कुठल्या नाटकात होते?" तो म्हणाला, "नाटकात नाही, जहाजावर होते. तिकडे असेच कपडे घालत असतील. तू गप्प बस." गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण नवी सून होते, बसले.

सासरे पाळण्यात असतानाच त्यांचे वडील परदेशी बोटीवर खलाशी म्हणून गेले, ते परतलेच नाहीत. परत आली ती त्यांची पेटी. तिच्यात दोन सदरे आणि हे रंगीत चित्र. सासऱ्यांच्या आईने ते पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि बाप दाखव म्हणून भंडावणाऱ्या पोराला सांगितलं, हा बघ तुझा बाप. तेव्हापासून दर पितृपक्षात त्याच्यापुढे पान वाढलं जायचं.

गावातलं घर प्रकल्पात गेलं आणि आम्ही कामोठ्याला फ्लॅटमध्ये आलो. इथे भिंती मोठ्या, फोटो चिमुकला. सर्वपित्रीला भाऊबंद जेवायला येणार होते. त्यांच्यासमोर बाप एवढासा दिसायला नको, म्हणून सासऱ्यांनी तो मोठा करून घ्यायचं ठरवलं. फोटो ते कुणाच्या हातात देईनात, तेव्हा ते आणि मी असे दोघंच रिक्षाने पनवेलला स्टुडिओत गेलो.

स्टुडिओवाल्याने फोटो हातात घेतला आणि वाळलेल्या डिंकामुळे पुठ्ठा आपोआप सुटला. मागे बारीक इंग्रजी छापलेलं होतं. कुणी विचारलं नसताना त्याने ते वाचलं.

"काका, हे सिगारेटच्या पाकिटातलं चित्र आहे. पूर्वी असे सेट निघायचे. हा स्पेनचा कुणी सरदार, समुद्रापार जाऊन दुसऱ्यांची राज्यं बळकावणारा. जमवणारे लोक शोधत असतात हो अशी चित्रं."

मला त्याचा असा संताप आला! जिभेला काही हाड? पण त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. तो आपला विचारतोय, "मग, केवढा करू?"

"ऱ्हाऊ दे," सासरे म्हणाले आणि त्यांनी चित्र शर्टाच्या खिशात ठेवलं.

रिक्षात मला राहवेना. मी म्हटलं, "बाबा, छापणाऱ्याचीच काहीतरी चूक असेल." इतकी बावळट थाप मी जन्मात मारली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांनी नाका तुंबला होता, रिक्षा जागची हलत नव्हती. ते रडत असतील असं मला वाटलं होतं. पण नाही, ते रुसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, आपल्या आईवर.

"आयेला तो म्हाईत होता," ते म्हणाले. "नाक कसा होता, हसायचा कसा, सगला म्हाईत होता. मंग त्याचा एक शब्द मना का नाय सांगितला? आता कुनाला विचारू?"